पीक डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्यांदा: ईडेल ते होप, एका दिवसाची डोंगरवाट

पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाला फाटक नाही, तिकीटखिडकी नाही आणि बंद व्हायची वेळही नाही. बोरिवली किंवा ताडोबा पाहिलेला माणूस इथे आला की आधी प्रवेशद्वार शोधतो. ते सापडत नाही, कारण इंग्लंडमधलं राष्ट्रीय उद्यान कुंपण घालून राखलेलं जंगल नसतं. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधल्या या १,४३८ चौरस किलोमीटरांत गावं आहेत, दगडखाणी आहेत, धरणं आहेत, मेंढ्यांची कुरणं आहेत आणि सुमारे ३८ हजार माणसं राहतात. बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. तरीही तुम्ही तिथे हक्काने चालू शकता. हा हक्क कुठे आणि कसा वापरायचा एवढं कळलं की बाकी सहल सोपी होते.

इंग्लंडात राहणारी आपली कुटुंबं इथे येतात ती बहुधा गाडीने. सकाळी चॅट्सवर्थचा वाडा, दुपारी बेकवेल, मग कॅसलटनची गुहा आणि संध्याकाळी डव्हडेलच्या नदीतल्या दगडांवर फोटो. दिवस अरुंद रस्त्यांवर आणि पार्किंग शोधण्यात जातो. माझा आग्रह वेगळा आहे: पहिल्या भेटीत गाडी घेऊ नका, ठिकाणं मोजू नका. रेल्वेने ईडेलला उतरा, एक डोंगरधार पायी पार करा आणि होपला पुन्हा रेल्वेत बसा. हा लेख त्याच एका दिवसाबद्दल आहे.

हा हक्क आला कुठून

ज्या १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं, त्याच वर्षी २४ एप्रिलला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या बोडन ब्रिजच्या खाणीत जमले आणि किंडर स्काउटच्या पठाराकडे निघाले. ते पठार तेव्हा जमीनदारांनी ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. वर्षातले मोजके दिवस शिकार चाले आणि बाकी वर्षभर राखणदार माणसांना हाकलत. आठवडाभर गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्यांना रविवारी मोकळी हवा हवी होती. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा २० वर्षांचा होता. शेफिल्डकडची एक छोटी तुकडी ईडेलहून चढून त्यांना भेटली. परतताना अटका झाल्या, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली.

या शिक्षांनी लोकमत ढवळून निघालं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. माळरानावर आणि डोंगरमाथ्यावर मोकळं हिंडायचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने मिळाला.

आज प्रत्यक्षात दोन नियम लक्षात ठेवायचे. खालच्या शेतांत आणि कुरणांत फक्त आखलेल्या सार्वजनिक वाटेवरून चालायचं; वाट सोडली की तुम्ही दुसऱ्याच्या शेतात घुसलात. वरच्या मोकळ्या रानात, जिथे 'ॲक्सेस लँड' अशी नोंद आहे, तिथे वाट सोडूनही पायी फिरता येतं. तंबू ठोकणं, चूल पेटवणं, गाडी नेणं यात येत नाही. तंबूसाठी जमीनमालकाची परवानगी लागते, नाहीतर सरळ कॅम्पसाइट गाठायची.

सार्वजनिक वाट ही कायद्याने तुमची आहे. ती एखाद्याच्या घराच्या अंगणाला लागून किंवा गोठ्यामागून गेली तरी बिचकू नका. आपल्यातले बरेच जण 'पुढे कुणाचं तरी घर दिसतंय' म्हणून परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. वाटेचा खांब असेल तर बिनधास्त जा, शांतपणे जा आणि समोर कुणी आलं तर 'मॉर्निंग' म्हणा. इथे डोंगरात अनोळखी माणसंही एकमेकांना नमस्कार केल्यावाचून पुढे जात नाहीत.

कधी जायचं

मे, जून आणि सप्टेंबर हे माझ्या पसंतीचे महिने. जूनच्या मध्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी घाबरायला होत नाही. ऑगस्टमध्ये माळावरचं हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि डोंगर जांभळा होतो, पण गर्दीही तेव्हाच. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो. पहिली भेट तेव्हा नको. बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवार टाळा. आठवड्यातला मधला वार मिळाला तर उत्तम.

हवामान दोन दिवस आधी आणि निघायच्या सकाळी पाहायचं, आणि तेही शहराचं नव्हे. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, त्यात पीक डिस्ट्रिक्ट आहे. पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा आधी बघा. ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर धारेवर जायचं नाही, खालच्या दरीत फिरायचं.

रेल्वे

मँचेस्टर पिकॅडिली आणि शेफिल्ड यांच्या मधे होप व्हॅलीची लाइन आहे. मँचेस्टरहून ईडेलला पाऊण तास लागतो, शेफिल्डहून साधारण अर्धा तास. लंडनहून यायचं तर सेंट पँक्रसहून शेफिल्ड दोन तास आणि तिथे गाडी बदलायची. एका दिवसात होतं, पण एक रात्र शेफिल्डला काढलीत तर सकाळची गाडी मिळते.

या लाइनवर जलद गाड्याही धावतात, पण त्या ईडेलला थांबत नाहीत. सर्व स्टेशनं घेणारी गाडी बघून ठेवा. ती साधारण तासाला एक असते, म्हणून परतीच्या दोन-तीन वेळा कागदावर लिहून घ्या. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि रुळांची कामंही बहुधा रविवारीच निघतात.

तिकिटाचं एक गणित इथे उपयोगी पडतं. तुम्ही एका स्टेशनवर उतरणार आणि दुसऱ्यावरून परतणार, म्हणून लांबच्या स्टेशनचं ऑफ-पीक रिटर्न (गर्दीच्या वेळा सोडून चालणारं जाण्या-येण्याचं तिकीट) काढा. मँचेस्टरहून येणाऱ्यांना होप पुढे आहे, तर होपचं तिकीट काढून ईडेलला उतरायचं. शेफिल्डहून येणाऱ्यांनी ईडेलचं काढायचं आणि परतताना होपला चढायचं. ठरावीक गाडीचं स्वस्त ॲडव्हान्स तिकीट घेतलंत तर ही सवलत नसते. ईडेल आणि होप दोन्ही स्टेशनांवर कर्मचारी नसतो, तेव्हा तिकीट आधीच हातात असू द्या.

शेफिल्डहून येताना गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरते. साडेपाच किलोमीटरांहून लांब असलेला हा बोगदा १८९३ साली पूर्ण झाला. शहराच्या टोकाला आत गेलेली गाडी ग्रिंडलफर्डला झाडीत बाहेर पडते. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, खिडकी सोडणार नाहीत.

अंगावर काय, पाठीवर काय

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाची इथे आकड्यांवरून फसगत होते. कळसूबाई १,६४६ मीटर आणि या वाटेवरचा सगळ्यात उंच माथा मॅम टॉर जेमतेम ५१७, मग त्यात काय? उंची खरंच कमी आहे आणि चढ सोपा आहे. पण आपल्याकडे पावसात भिजलं तरी अंग गार पडत नाही. इथे मे महिन्यातसुद्धा भिजलेला सुती शर्ट आणि वारा एकत्र आले की तासाभरात हुडहुडी भरते, हातांची बोटं वळत नाहीत आणि डोकंही नीट चालत नाही. म्हणून जीन्स नाही, सुती बनियन नाही. अंगालगत झटकन वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. वॉटरप्रूफ पँट, टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही पिशवीत असू द्यात.

पायात घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. मॅम टॉरवर जाणारी वाट दगडी फरशांची आहे, पण ओल्या फरशीवर साधे स्पोर्ट्स शूज सरकतात. धारेवर पुढे चिखल असतो तो वेगळाच. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांच्यासाठी सगळं विकत घेऊ नका. जॅकेट आणि काठ्या ओळखीतल्या कुणाकडून तरी मिळतात.

माणशी दीड लिटर पाणी घ्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, वर मेंढ्या चरतात. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या-चटणी, शेंगदाण्याचे लाडू हे सगळं थंडीतही चांगलं राहतं, आणि धारेवर दुकान नाही. शाकाहारी मंडळींनी पबमध्ये किंवा चिप्सच्या दुकानात आधी विचारावं: उत्तर इंग्लंडात काही ठिकाणी चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. बेकवेल पुडिंगमध्ये अंडं असतं. पबचं स्वयंपाकघर दुपारी मधे बंद होऊ शकतं. 'तीन वाजता उतरून जेवू' असं ठरवून येऊ नका.

नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर ओएल १, 'डार्क पीक', हा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. कागदी घेतला की त्यासोबत फोनवर उतरवून घ्यायचा कोडही मिळतो. दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि पॉवर बँक न्या.

या नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा. छोट्या तुकड्यांची रेषा फक्त पायी चालणाऱ्यांची, लांब तुकड्यांची घोडे आणि सायकलींसाठीही. पिवळसर रंगाचा, नारिंगी कडेचा भाग म्हणजे मोकळं फिरायची ॲक्सेस लँड. काळ्या बारीक रेषा या शेतांच्या भिंती आणि कुंपणं. त्या मोजत गेलं की आपण कुठे आहोत हे नेमकं कळतं. प्रत्यक्ष जागेवर खांबांवर बाण असतात, पायवाटेला पिवळा आणि घोडेवाटेला निळा.

वेळेचा हिशोब १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथने घालून दिला तोच अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपली वाट साधारण १२ किलोमीटरांची आणि चढ सगळे मिळून ४०० मीटरांच्या आसपास, म्हणजे न थांबता तीन तास. घरच्या मंडळींसोबत, खात-पीत, फोटो काढत पाच तास धरा.

वाट

ईडेलला उतरल्यावर स्टेशनाजवळच्या पार्किंगपाशी सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, ते वापरून घ्या. पुढे डोंगरावर सोय नाही. उत्तरेला गाव आहे, आणि तिथल्या ओल्ड नॅग्स हेड पबपासून पेनाइन वे सुरू होतो. १९६५ मध्ये पुरी झालेली ही ब्रिटनची पहिली राष्ट्रीय लांब पल्ल्याची वाट २६८ मैल चालत स्कॉटलंडच्या हद्दीत पोचते. तुम्हाला मात्र उलट, दक्षिणेच्या धारेकडे जायचंय. नकाशावर हॉलिन्स क्रॉस शोधा. नो नदी ओलांडून वाट कुरणांतून चढते.

हॉलिन्स क्रॉस ही खिंड आहे. ईडेलमध्ये १६३३ साली चर्च होईपर्यंत गावातल्या मृतांना खांद्यावर घेऊन याच खिंडीतून पलीकडच्या चर्चकडे नेत. पुढे ईडेलला सुताची गिरणी निघाली तेव्हा कॅसलटनच्या कामगार बायका रोज ही खिंड ओलांडून कामाला येत. तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात दमून वर पोचाल तेव्हा हे जरूर आठवा.

खिंडीतून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, दीड किलोमीटरवर मॅम टॉरचा माथा. मधे चढ सौम्य आहे आणि फरशी आहे. माथ्याभोवती मातीचा तट आणि खंदक दिसतो तो ब्राँझ आणि लोहयुगातल्या वस्तीचा. आतल्या उतारावर झोपड्यांसाठी सपाट केलेल्या जागा शंभराहून अधिक सापडल्या आहेत. दगडी बुरूज शोधू नका, तिरप्या उन्हात गवताखालचे उंचवटे बघा.

माथ्यावर घाई करू नका, कारण उद्यानाचे दोन्ही स्वभाव इथूनच समजतात. उत्तरेला ईडेलच्या दरीपलीकडे काळसर सपाट माथा दिसतो तो किंडर: खरबरीत वाळूखडक आणि वर हजारो वर्षं शेवाळं कुजून साठलेली काळी पीट माती. हा डार्क पीक. दक्षिणेला फिकट हिरवी कुरणं आणि पांढऱ्या दगडी गडग्यांची जाळी, तो चुनखडीचा व्हाइट पीक. चुनखडीत पाणी मुरतं, म्हणून गुहा सगळ्या त्या बाजूला. पूर्वेकडे होपच्या सिमेंट कारखान्याची उंच चिमणी दिसेल. तो कारखाना १९२९ पासून, उद्यानाच्या आधीपासून, तिथे आहे.

मॅम टॉरची पूर्वेची बाजू शेल (मऊ, पापुद्र्यांचा चिखलखडक) आणि वाळूखडकाच्या आलटून पालटून थरांची आहे आणि ती सतत घसरते. तिच्या पायथ्यातून मँचेस्टर-शेफिल्ड हमरस्ता जायचा. दुरुस्त करावा आणि तो पुन्हा खचावा, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी १९७९ मध्ये तो कायमचा बंद केला. डांबराचे थरावर थर चढवलेले तुकडे अजून तिथे फाटलेल्या पुस्तकासारखे पडलेत. थकला असाल किंवा हवा बिघडत असेल तर त्या मोडक्या रस्त्याने कॅसलटनला उतरा. तिथून शेफिल्डची बस मिळते. कॅसलटनच्या परिसरातच ब्लू जॉन नावाचा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा खनिज दगड सापडतो.

हवा चांगली असेल तर आल्या वाटेने हॉलिन्स क्रॉसला परत या आणि सरळ पूर्वेला चालत राहा. बॅक टॉरशी एक छोटा पण खडा चढ लागतो. कड्याच्या काठाची माती सुटलेली आहे, मुलांचा हात धरा आणि आतल्या वाटेने चढा. पुढे लूज हिल, ४७६ मीटर. या माथ्यावरच्या जमिनीला वॉर्ड्स पीस म्हणतात. शेफिल्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी चालण्याच्या हक्कासाठी आयुष्यभर चळवळ केली. १९४५ मध्ये चालणाऱ्यांनीच ही जमीन त्यांना भेट दिली आणि त्यांनी ती निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली. जेवणाचा डबा मी इथे उघडायला सांगेन, वाऱ्याकडे पाठ करून.

इथून शेतांतून होप गाव तीनेक किलोमीटर. स्टेशन गावात नाही, गावापासून पूर्वेला रस्त्याने आणखी पंधरा-वीस मिनिटं आहे. गाडीची वेळ गाठताना ही मिनिटं धरायला विसरू नका.

दुसऱ्याच्या शेतातून जाताना

उतरणीवर फाटकं आणि भिंती बऱ्याच लागतात. फाटक उघडं मिळालं तर उघडं ठेवा, बंद मिळालं तर बंद करा. शेतकऱ्याने ते विचार करून ठेवलेलं असतं. गडगे चुन्या-मातीविना नुसते दगडावर दगड रचून केलेले असतात, त्यांवर चढू नका. एक दगड सुटला की हातभर भिंत ढासळते. ओलांडायला जागोजागी दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात. गवत कापणीसाठी राखलेल्या कुरणातून एकामागे एक चाला.

एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात. गोंडस दिसली तरी उचलायची नाहीत, आई बिथरते. वासरं असलेल्या गायींपासून अंतर ठेवा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका. गायी वाटेवरच उभ्या असतील तर लांबून वळसा घाला. तेवढ्यासाठी वाट सोडली तर चालतं.

वरच्या माळावर टिटवीसारखे लॅपविंग, लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू जमिनीवरच घरटी करतात. स्पीकरवर गाणी लावू नका. बार्बेक्यू, कापूर, उदबत्ती, सिगारेट, काहीच पेटवू नका. २०१८ च्या उन्हाळ्यात सॅडलवर्थ मूरला लागलेली आग कित्येक दिवस विझत नव्हती, कारण पीट जमिनीखालून धुमसत राहते.

मदत लागली तर

९९९ किंवा ११२ ला फोन करा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे चौकटीच्या रेषांवरून काढलेला जागेचा आकडा, सांगा. रेंज क्षीण असताना बोलणं होत नाही पण संदेश जातो. त्यासाठी घरूनच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा आणि उत्तर आलं की नोंदणी पूर्ण करा. शिट्टी जवळ ठेवा: मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. बचाव पथकातली माणसं विनामोबदला, आपली कामं सोडून येतात.

गुडघे साथ देत नसतील तर

आजी-आजोबा किंवा बाबागाडी असेल तर धारेऐवजी मॉन्सल ट्रेल घ्या. १९६८ मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गावरची ही साडेआठ मैलांची सपाट वाट बेकवेलजवळून जाते, व्हीलचेअरही चालते. जुने बोगदे २०११ पासून खुले आहेत आणि दिवसा आत दिवे असतात. हेडस्टोन व्हायाडक्टवर जाऊन परत आलात तरी मन भरतं.

किंडर दुसऱ्या भेटीला

ईडेलहून जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्यांनी किंडरवर चढता येतं, पण ते पहिल्या दिवसाचं काम नाही. वर ६३६ मीटरवर अफाट सपाट पीट आहे, पुरुषभर खोल घळींनी चिरलेली, आणि धुकं उतरलं की चारी दिशा सारख्या दिसतात. होकायंत्राने दिशा धरता येते का, हे आधी लूज हिलसारख्या ओळखीच्या माथ्यावर करून बघा. येत असेल तर काठाकाठाच्या वाटेने किंडर डाउनफॉलपर्यंत जा. वारा पश्चिमेचा असेल तर तिथला धबधबा उलटा वर उडतो.

कुठल्याही वाटेने आलात तरी घरी पोचल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांमागची घडी, कंबर आणि मुलांच्या कानांमागची जागा नीट तपासा. नेचे आणि उंच गवतात गोचीड असतात. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, वर तेल किंवा काडी लावायची नाही. नंतरच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं किंवा ताप आला, तर जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजारावर अँटिबायोटिक लवकर सुरू झालं पाहिजे.